पुढें काय?

कोणत्याही घरांतील कामाचा उरक हातांच्या वेगावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो ‘पुढें काय’ हें ठाऊक असण्यावर अवलंबून असतो. एक काम संपतांच दुसरें कोणतें हातीं घ्यावें याचा ज्यास विचार करावा लागत नाहीं, त्यास आपण कामाचा माणूस म्हणतों. आणि ज्यास प्रत्येक पायरीवर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागतें, तो कितीही कष्टाळू असला तरी त्याच्या हातून घर चालत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. पंगतींत पान मांडल्यापासून मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी असें करीत वरणभातावर तुपाची धार पडेपर्यंत जो क्रम चालतो, तो कोठेंही लिहून टांगलेला नसतो. तरी चार वाढप्यांपैकीं एकही अडखळत नाहीं. नवी सून घरांत येते तेव्हां तिला पदार्थ करतां येत नाहींत असें क्वचितच असतें. तिला ठाऊक नसतो तो या घरचा क्रम. तो अंगवळणीं पडला म्हणजे ती या घरची झाली, असें आपण समजतों.

हाच जुना प्रश्न आतां यंत्रांपुढें येऊन ठेपला आहे, आणि तो आमच्या घरांत ज्या वाटेनें शिरला तिची हकीकत आज सांगावयाची आहे. आमचें घर धाराशिव जिल्ह्यांत, तेरणेच्या कांठीं, तेर या गांवीं आहे. थोरल्या बंधूंचा मुलगा पुण्यास सॉफ्टवेअरचें काम करतो. माझा मुलगा व सून येथेंच राहून शेतीचें पाहतात. कुलदैवत तुळजापूरची भवानी असल्यामुळें नवरात्रास सर्व मंडळी घरीं जमतात. पुतण्या आला कीं ओसरीवर आमचा वाद रंगतो. कारण आपण करतों तें काम मला समजावून सांगितल्याखेरीज त्यास चैन पडत नाहीं, आणि तें अर्धेंमुर्धें समजलें तर मला चैन पडत नाहीं. २०२५ च्या नवरात्रांत त्यानें काढलेला विषय असा : कृत्रिम बुद्धीच्या एजंटास त्याच्या कामांत पुढचें साधन कोणतें, हें सुचविणें.

‘एजंट’ म्हटलें कीं आपल्यास विम्याचा किंवा जमीनखरेदीचा एजंट आठवतो. हा एजंट म्हणजे संगणकावर चालणारा एक प्रोग्राम. प्रश्न विचारला असतां नुसतें उत्तर देऊन तो थांबत नाहीं. सोंपविलेलें काम तडीस नेण्यासाठीं आपल्या आपण पायऱ्या ठरवितो, आणि प्रत्येक पायरीस दुसरा एखादा प्रोग्राम उपयोगांत आणतो. या दुसऱ्या प्रोग्रामांस ‘साधनें’ म्हणावयाचें. एक साधन हवामानाची नोंद आणून देतें, दुसरें हिशेब करतें, तिसरें नकाशा उघडतें, चौथें अर्ज भरतें, पांचवें पत्र धाडतें. भाषा जाणणारा प्रोग्राम हा घरचा कर्ता धरला, तर हीं साधनें म्हणजे त्याच्या हाताखालचे गडी.

ही विद्या अगदीं अलीकडची आहे. साधन केव्हां हातीं घ्यावें हें भाषायंत्रानें आपलें आपण शिकावें, असा ‘टूलफॉर्मर’ नांवाचा प्रयोग मेटा कंपनीच्या संशोधकांनीं फेब्रुवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं मे महिन्यांत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मंडळींनीं ‘गोरिला’ हा प्रयोग पुढें मांडला, आणि जुलैंत चीनमधील संशोधकांनीं १६,००० हून अधिक साधनांतून निवड करावयास यंत्रास शिकविलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें, साधनें कोणत्याही एजंटास एकाच रीतीनें जोडतां यावींत यासाठीं, ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नांवाची एक सर्वांस खुली अशी पद्धति जाहीर केली. जोडणें सोपें झालें म्हणून साधनें वाढलीं, आणि साधनें वाढलीं म्हणून अडचण उभी राहिली. दोन गडी असतील तर कोणास हांक मारावी हा प्रश्नच नसतो. दोन हजार असतील तर हांक मारण्याआधींच दिवस मावळतो. म्हणून एजंटाच्या शेजारीं बसून ‘इतकें झालें, आतां हें घे’ असें सुचविणारा एक निराळा सल्लागार लागतो. माझा पुतण्या तो सल्लागार घडवितो.

हा सल्लागार शिकतो कसा? त्याची मुख्य रीत आपल्या ओळखीची आहे. पूर्वीं हजारों वेळां लोकांनीं कोणत्या साधनामागून कोणतें साधन घेतलें, याच्या नोंदी त्याच्यापुढें ठेवतात. त्यांवरून तो अनुमान बांधतो कीं अमुक दोन पायऱ्या झाल्या असतां तिसरी बहुधा अमुक असते. जीवशास्त्राच्या अभ्यासकांसाठीं २००५ पासून चालत आलेल्या ‘गॅलक्सी’ या संगणकी व्यवस्थेंत जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनीं असा सल्लागार बसविला, आणि त्याची माहिती २०२१ सालीं प्रसिद्ध केली. तेथें साधनें इतकीं आहेत कीं नवशिका अभ्यासक त्यांत हरवून जावा. सल्लागार जाणत्यांनीं रचलेल्या साखळ्या पाहून त्यास पुढची कडी दाखवितो. पहिल्या साधनांतून जें निघालें तें दुसऱ्यास चालतें कीं नाहीं, हेंही त्यास पाहावें लागतें. सुपांत पाखडलेलें धान्य जात्यांत घालावयाचें असतें. जात्यांतून निघालेलें पीठ कोणी सुपांत घालून पाखडीत नाहीं.

‘म्हणजे वहिवाट,’ मी म्हणालों. ‘आधींचे लोक जसे गेले तसें जावें.’

‘काका, वहिवाट म्हणजे वाईट थोडीच? इतक्या लोकांच्या अनुभवाचें सार तिच्यांत असतें.’

हें त्याचें म्हणणें मला मान्य होतें. माझे आजोबा निजामी अमदानींत पटवारी होते. त्यांची एक शिस्त घरांत अजून सांगतात : आधीं बांधावर जावें, मग दप्तर उघडावें. पीक डोळ्यांनीं पाहिल्यावांचून पाहणीच्या कागदावर अक्षर उमटवावयाचें नाहीं. त्यांच्या हाताखालीं शिकणाऱ्यास हा क्रम प्रथम नुसता पाठ होत असे. त्याचें कारण पुढें कधीं तरी उमगे. कारण असें कीं, दप्तर आधीं उघडलें म्हणजे गतवर्षींची नोंद डोळ्यांपुढें येते, आणि ती एकदां डोळ्यांपुढें आली कीं बांधावरही तेंच पीक दिसूं लागतें. वहिवाटीच्या पोटांत अशीं कारणें दडलेलीं असतात. तीं जिवंत आहेत तोंवर वहिवाट डोळे झांकून पाळली तरी बिघडत नाहीं.

आमचें बोलणें पुतण्याची आई, म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी, फुलें निवडतां निवडतां ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, देव न करो, पण घरांत सुतक आलें तर तुझें हें यंत्र काय सांगेल? रोज स्नान झालें कीं देवपूजा. तुझ्या नोंदींत स्नानापुढें पूजाच असणार. वर्षांतले साडेतीनशें दिवस तें बरोबर सांगेल, आणि नेमकें ज्या दिवशीं विचारावयाचें त्याच दिवशीं चुकेल.’

पुतण्या हंसला, पण त्याच्याजवळ उत्तर नव्हतें. वहिनींनीं कांहीं शास्त्रार्थ सांगितला नव्हता. त्यांनीं एवढेंच दाखविलें होतें कीं जें मागच्या पायऱ्यांत दिसत नाहीं, तेंही पुढची पायरी ठरवीत असतें. सुतक स्नानांत दिसत नाहीं. तें बाहेरून आलेल्या बातमींत असतें.

हा वाद ओसरीवरच राहिला असता. पण त्याच दिवसांत आमच्या जिल्ह्यावर जी वेळ आली, तिनें तो उचलून थेट कागदपत्रांत नेला. सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धांत मराठवाड्यांत अतिवृष्टि झाली. धाराशिव हा एरवीं दुष्काळासाठीं ओळखला जाणारा जिल्हा. परंतु परंडा व भूम तालुक्यांत पुराचा वेढा पडला, आणि कांहीं माणसांस हेलिकॉप्टरनें बाहेर काढावें लागलें. काढणीस आलेलें सोयाबीन पाण्यांत उभें राहिलें, शेंगांना जागच्या जागीं कोंब फुटले, आणि कित्येक ठिकाणीं पिकाबरोबर मातीही वाहून गेली. आमच्याही खालच्या पट्टींत गुडघाभर पाणी साचलें. घट बसलेले, नंदादीप तेवत असलेला, आणि बाहेर रात्रंदिवस पावसाचा आवाज, असें तें नवरात्र गेलें.

अशा वेळीं शेतकऱ्यास धान्याआधीं कागद गोळा करावे लागतात. पाऊस किती पडला, सातबाऱ्यावर काय आहे, ई-पीक पाहणींत कोणतें पीक नोंदलें, शेतकरी ओळख क्रमांक निघाला कीं नाहीं, बँकेचें खातें आधारास जोडलें कीं नाहीं, पंचनामा झाला कीं नाहीं. आजोबा जी पाहणी बांधावर उभे राहून करीत, ती आतां शेतकरी स्वतः मोबाइलवर करतो. ही ई-पीक पाहणी राज्यांत १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. एप्रिल २०२५ पासून कृषि योजनांच्या लाभासाठीं शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. प्रत्येक गोष्टीचें दार निराळें, आणि क्रम चुकला तर हेलपाटा ठरलेला. पुतण्याच्या मनांत आलें कीं आपल्या विद्येस याहून योग्य काम मिळावयाचें नाहीं. त्यानें दोन दिवसांत एक लहानसा एजंट उभा केला, त्यास सातआठ साधनें दिलीं, आणि पुढचें साधन सुचविणारा आपला सल्लागार त्याच्या शेजारीं बसविला. शिकवणीसाठीं त्यानें माझ्या सुनेच्या वह्या घेतल्या. घरचे व शेजारपाजारचे पीकविम्याचे कागद गेलीं कित्येक वर्षें तीच पाहते, आणि केव्हां काय केलें याची तारीखवार नोंद ठेवण्याची तिला संवय आहे.

प्रयोग सुरू झाला. पहिल्या साधनानें पावसाची नोंद आणली. दुसऱ्यानें पाण्यांतल्या पिकाचें छायाचित्र गट क्रमांकास जोडलें. ‘पुढें काय’ असें विचारतांच सल्लागारानें क्षणाचाही विलंब न लावतां सुचविलें : विमा कंपनीस नुकसानीची पूर्वसूचना, ७२ तासांच्या आंत.

ही सूचना निराधार नव्हती. उलट आमच्या जिल्ह्यानें ती फार मोठी किंमत देऊन शिकून घेतली होती. २०२० च्या खरिपांत अतिवृष्टीनें येथलें सोयाबीन गेलें, तेव्हां नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली नाहीं या कारणावर शेतकऱ्यांस भरपाई नाकारण्यांत आली. तें करोनाचें वर्ष होतें. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें, आणि साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांस भरपाई द्यावी असा निर्णय मे २०२२ मध्यें झाला. एका राहून गेलेल्या पायरीपायीं इतकी माणसें दीड वर्षाहून अधिक काळ ताटकळत राहिलीं. त्यानंतर आमच्याकडे पाऊस उघडला कीं माणसें भिजलेलें छप्पर पाहण्याआधीं पूर्वसूचनेचें पाहूं लागलीं. सुनेच्या वह्यांत २०२१ पासून २०२४ पर्यंत पावसाच्या नोंदीपुढें तीच ओळ वारंवार आली होती. सल्लागारानें ती इमानानें पाठ केली.

नंदादीपाची वात सारून सून बाहेर आली, आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, ‘भाऊजी, तें दार यंदापासून बंद झालें.’

‘म्हणजे काय, वहिनी?’

‘या खरिपापासून राज्यानें विम्याची योजनाच बदलली. एक रुपयांतला विमा गेला. आतां खरिपाला दोन टक्के हप्ता आपल्याला भरावा लागतो. आणि भरपाई मिळायची ती फक्त पीक कापणी प्रयोगावरून. पूर्वसूचना देऊन मिळणारी भरपाई योजनेंतून काढून टाकली आहे. तुमचा एजंट सूचना देणार ती कशासाठीं?’

तें खरें होतें. एक रुपयांतील विमा २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षें चालला. २०२५ च्या खरिपांत तो संपला, आणि स्थानिक आपत्तीच्या पूर्वसूचनेवरून मिळणारी भरपाईही त्याबरोबर संपली. पीक कापणी प्रयोग म्हणजे महसूल मंडळांतील निवडलेल्या शेतांत ठराविक क्षेत्रावरचें पीक कापून तोलावयाचें, आणि त्यावरून सबंध मंडळाचें सरासरी उत्पन्न ठरवावयाचें. या व्यवस्थेंत एकट्या शेतकऱ्यानें धांवपळ करून गांठावयाची अशी पायरीच उरत नाहीं. पुराची सरकारी मदत हा विम्याहून निराळा मार्ग, आणि तिला लागतो पंचनामा. म्हणजे त्या दिवशीं खरी पुढची पायरी होती ती ग्राम महसूल अधिकाऱ्यांस, ज्यांस लोक अजून तलाठीच म्हणतात त्यांस, गांठून आपला गट पंचनाम्यांत येतो कीं नाहीं हें पाहणें. पुढें ऑक्टोबरांत राज्य सरकारनें पूरग्रस्त भागांसाठीं ३१,६२८ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तेव्हां ज्यांचे पंचनामे वेळेवर झाले होते त्यांच्या जिवास तरी स्वस्थता होती.

आमच्या घरीं सून होती म्हणून दहा मिनिटांत वाट बदलली. पण ज्याच्या घरीं अशी कोणी जाणती व्यक्ति नाहीं, त्याचें काय झालें असतें? त्यानें एजंटाचें ऐकून सूचना धाडली असती, ‘धाडली’ एवढा शब्द वाचून तो निश्चिंत झाला असता, आणि पंचनामा करणारीं माणसें त्याच्या शिवारांतून निघून गेल्यावर त्यास जाग आली असती. सूचना मुळींच न मिळाली तर माणूस निदान काळजींत तरी राहतो, चार ठिकाणीं विचारतो. चुकीची सूचना त्याची काळजीच काढून घेते. तिचा घातकपणा तो हाच.

आणि ही गोष्ट आमच्या ओसरीपुरती समजूं नये. मे २०२५ मध्यें राज्याच्या कृषि विभागाचें ‘महाविस्तार’ हें कृत्रिम बुद्धीवर चालणारें ॲप सुरू झालें. पीक, हवामान, बाजारभाव यांविषयीं शेतकरी त्यास मराठींत विचारूं शकतो. जून २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें २०२५ ते २०२९ या काळासाठीं ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलें, आणि त्यासाठीं ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरली. माहिती सांगणारा सहाय्यक एकदां घरांत आला कीं आज ना उद्यां त्याच्या हातीं अर्जही सोंपविले जाणार. तो दिवस येण्यापूर्वींच या प्रश्नाचा निकाल लागलेला बरा.

पुतण्यानें प्रथम सोपा उपाय योजला. जुनी ओळ खोडून नवी घालूं, म्हणाला. सून म्हणाली, ‘आज घाला. पण दोन वर्षांनीं पुन्हां नियम बदलला कीं हीच ओळ जुनी होईल, आणि तेव्हां मी येथें उभी असेनच असें नाहीं.’ या एका वाक्यानें प्रश्नाचें मूळ उघडें पडलें. दोष ओळींत नव्हता. ती ओळ कशामुळें खरी होती हें सल्लागारास ठाऊक नव्हतें, यांत होता. ‘पावसापुढें पूर्वसूचना’ हें तो शिकला. ‘अमुक योजनेचा अमुक नियम असेल तर पूर्वसूचना’ हें त्यास कोणी शिकविलें नव्हतें. वहिवाट त्यानें घेतली, पण वहिवाटीचें कारण मागेंच राहिलें. वहिनींच्या भाषेंत सांगावयाचें तर, त्यास स्नान ठाऊक होतें, पूजा ठाऊक होती. सुतकाची बातमी विचारावी हें ठाऊक नव्हतें.

तेरमध्यें राहणाऱ्या माणसास साधनांचा विचार करतांना गोरोबाकाका आठवल्यावांचून राहात नाहींत. संतमंडळी जमली असतां, यांतलीं मडकीं कच्चीं कोणतीं व पक्कीं कोणतीं हें पाहा, असें मुक्ताबाईनें त्यांस सांगितलें, आणि त्यांनीं थापटणें उचलून प्रत्येकाच्या डोक्यावर मारीत नामदेवांस कच्चें ठरविलें, ही कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. तिचा परमार्थ कीर्तनकारांनीं पुष्कळ उलगडला आहे. मला त्या दिवशीं तिच्यांतला कुंभार दिसला. थापटणें हें वास्तविक घडविण्याचें साधन. मडकें ओलसर असतां आंतून आधार धरून बाहेरून थापटण्यानें ठोकतात, म्हणजे त्याचें अंग सारखें होतें. कथेंत तेंच थापटणें पारखण्याचें साधन झालें. साधन एकच, केव्हां व कशासाठीं उचलावयाचें हें ज्ञान साधनांत नसून कुंभारांत होतें.

आणि कुंभाराच्या कामांत एक पायरी अशी आहे कीं तिच्यापलीकडून परत येतां येत नाहीं. ती म्हणजे आवा. आव्यांत जाईपर्यंत मडकें बिघडलें तर त्याची पुन्हां माती भिजवितां येते. आव्यांतून निघालेलें मडकें फुटलें तर त्याचें खापरच होतें. अंगांत ओल राहिलेलें मडकें आव्यांत घातलें तर तें आंतच फुटतें. म्हणून आव्याच्या तोंडाशीं कुंभाराचा हात रेंगाळतो, मडकें फिरवून पाहतो. चाकावर त्यास जी घाई चालते, ती येथें चालत नाहीं.

हें मीं पुतण्यास सांगितलें, तेव्हां त्यानें रास्त हरकत घेतली. ‘काका, प्रत्येक पायरीला एजंट विचारीत बसला, तर माणूस दहाव्या प्रश्नाला कंटाळतो आणि न वाचतांच “होय” म्हणतो. मग तें विचारणें न विचारल्यासारखेंच.’ हा अनुभव आपल्या घरांतलाही आहे. मिठाच्या चिमटीपासून पडद्याच्या रंगापर्यंत सर्व कांहीं विचारून करणाऱ्या माणसास शेवटीं कोणी नीट उत्तर देत नाहीं. परंतु याचें उत्तर त्या आव्यांतच आहे. पावसाची नोंद आणणें, सातबारा उघडणें, बेरीज करणें, या पायऱ्या चुकल्या तरी पुन्हां करतां येतात. तेथें सल्लागारानें बेधडक सुचवावें व एजंटानें बेधडक करावें. अर्ज धाडणें, पैसे भरणें, संमति देणें या आव्याच्या पायऱ्या. आणि मुदत टळूं देणें हीही त्यांतलीच एक, जरी ती हात न हालवितां घडते. अशा जागीं पुढचें साधन म्हणून प्रथम पारखण्याचेंच साधन यावें : आजचा नियम कोणता, तो कोणत्या तारखेचा, आणि ज्याच्या नांवानें हें चाललें आहे त्यास तें समजलें आहे काय.

दसऱ्यापर्यंत पुतण्यानें आपला सल्लागार नव्यानें बांधला. तीन गोष्टी त्यानें बदलल्या. पहिली ही कीं, सल्लागार जें साधन सुचवील त्याबरोबर त्यानें कारण सांगावें, आणि तें कारण ज्या नियमांतून आलें त्याची तारीखही सांगावी. नियम चालू हंगामाचा नसेल तर सुचविण्यापूर्वीं तो नव्यानें पाहून यावा. दुसरी ही कीं, साधनांची दोन रांगांत विभागणी करावी, परत फिरतां येणारीं व न येणारीं. आणि दुसऱ्या रांगेतील साधनाआधीं घरच्या माणसास विचारावें. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ‘पुढें काय’ या प्रश्नाचें उत्तर ‘कांहीं नाहीं’ असेंही असूं शकतें, हें त्यास शिकविलें. साधन सुचविण्यासाठींच जन्मलेल्या यंत्रास हें शिकविणें कठीण जातें, असें पुतण्या म्हणाला. कारण ज्या नोंदींवरून तें शिकतें त्यांत माणसांनीं केलेलीं कामें असतात, न केलेलीं कामें कोणी नोंदवून ठेवीत नाहीं.

सायंकाळीं सोनें वांटून झाल्यावर पुन्हां प्रयोग झाला. पावसाची नोंद आली, छायाचित्र जोडलें गेलें. या खेपेस सल्लागारानें पंचनाम्याकडे बोट दाखविलें. विम्याविषयीं विचारलें असतां त्यानें उत्तर दिलें कीं या हंगामाच्या नियमाप्रमाणें पूर्वसूचनेची पायरी नाहीं. पीक कापणी प्रयोगाचा निकाल येईपर्यंत थांबावें. वहिनी ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘आतां याला सुतक कळलें.’

येथें हा लेख संपविला तर तो यंत्राच्या सुधारणेची एक गोड गोष्ट होईल. परंतु त्या रात्रीं माझ्या मनांत एक विचार आला, आणि तो अद्याप गेलेला नाहीं. सुनेस नियम बदललेला ठाऊक होता तो कशामुळें? हप्ता भरावयास ती स्वतः सेवा केंद्राच्या रांगेंत उभी राहिली, एक रुपयाच्या जागीं दोन टक्के कां घेतां असें तिनें विचारलें, मिळालेला कागद घरीं आणून सबंध वाचला आणि वहींत लिहिला. क्रमांतली प्रत्येक पायरी तिच्या पायांखालून गेली होती, म्हणून एक पायरी नाहींशी झालेली तिला कळली. आतां पुढील चारपांच वर्षें हें सर्व एजंटानेंच केलें, तर रांगेंत कोणी उभें राहणार नाहीं, वहींत नवी ओळ पडणार नाहीं. मग सल्लागार पुन्हां चुकेल त्या दिवशीं ‘भाऊजी, तें दार बंद झालें’ असें म्हणणारें माणूस घरांत असेल काय? यंत्र माणसाकडून क्रम शिकतें हें खरें; पण शिकून झाल्यावर तें माणसाच्या हातचा सराव काढून घेतें, आणि पुढच्या वेळीं ज्याच्याकडून शिकावयाचें तो जाणताच उरत नाहीं.

पुतण्यास हें सांगितलें, तेव्हां त्यानें वाद घातला नाहीं. तो म्हणाला, ‘याला प्रोग्रामांत उपाय नाहीं, काका. हा उपाय घरांतच व्हावयास पाहिजे.’ सुनेनें तो आपल्या रीतीनें केला आहे. एजंट काम करतो, पण त्यानें काय केलें, कोणत्या कारणानें केलें, हें ती संध्याकाळीं स्वतःच्या हातानें वहींत उतरविते. आणि हंगामाच्या आरंभीं एक फेरी, योजनेचा कागद हातीं घेऊन, एजंटावांचून करते. तिच्या शेजारीं आतां माझी बारा वर्षांची नात बसते. पावसापुढें काय लिहावयाचें हें नात विचारते, आणि सून तिला सांगतांना आधीं ‘कां’ तें सांगते.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शेती नाहीं त्यांच्याही घरीं असा सहाय्यक आज ना उद्यां येईल. बँकेचे कागद, दवाखान्याची बिलें, मुलांचे प्रवेश, यात्रेचीं तिकिटें, हीं सर्व कामें तो करूं लागेल, आणि प्रत्येक पायरीवर पुढची पायरी सुचवील. त्यास घरांत घ्यावयास माझी हरकत नाहीं. जाणत्या माणसाचा सल्ला मिळत असतां अडाणीपणानें चाचपडण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. फक्त नव्या वाढप्यास आपण जसें पारखून घेतों, तसें त्यासही घ्यावें. त्यानें सुचविलेल्या गोष्टीचें कारण त्यास सांगतां येतें काय, तें कारण आजचें आहे काय, आणि आव्याच्या तोंडाशीं तो थांबतो काय, एवढें विचारावें. पुढें काय हें सांगणारा घरांत असावाच. पण ‘तें कां’ असें विचारणारें माणूस मात्र घरांतून नाहींसें होऊं देऊं नये.